वडील खड्ड्यात गेले, साहेब!

ओता, ओता, कप भरून ओता. हा किस्सा अर्ध्या कपात मावणारा नाही.

चुका कोणाच्या हातून होत नाहीत? होतात, आणि लोक विसरूनही जातात. पण माझ्या हातून जो घोटाळा झाला ना, तो आमच्या घरात काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगलाय! पाहुणा आला की पाणी नंतर, आधी माझा घोटाळा दाखवतात. त्यातही दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान असतो, की मी कुठे बघावं तेच कळत नाही.

पण आधी गाव सांगतो. गाव कळल्याशिवाय घोटाळा कळायचा नाही.

आमचं निमटोला. भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून सायकलने पाऊण तास, पंक्चर झालं तर दीड तास. वाटेत दोन तळी, त्यांच्या कडेने धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मग साठ-सत्तर घरांचं गाव. कोशाचं कापड विणणारं. रानातल्या ऐनाच्या झाडांवरून रेशमाचे कोसे यायचे, बाया ते राखेच्या पाण्यात उकळायच्या, मांडीवर वळून त्यातून सूत काढायच्या आणि बाप्ये विणायला बसायचे. किती पिढ्यांपासून? कोणास ठाऊक! मी इतिहासाचा मास्तर, म्हणून एकदा आजोबांना रीतसर विचारलं होतं. ते म्हणाले, "मी आलो तवा सुरूच होतं."

आता सांगा, एवढ्या जुन्या उद्योगाच्या गावाबद्दल लोकांना थोडी तरी माहिती असावी की नाही? माहिती सोडा हो, गैरसमजच गैरसमज!

मी अड्याळच्या शाळेत शिकवायचो. तिथे नवा मास्तर आला की पहिला प्रश्न ठरलेला. "निनावे गुरुजी, तुमच्या गावात मोठा कारखाना आहे म्हणे. मग धुराडं कसं दिसत नाही?" अरे बाबा, धुराडं कसलं! कारखाना म्हणजे माझ्या बापाचे दोन हात आणि दोन पाय. दुसरा कोणी डोळे बारीक करून विचारायचा, "तो कोशाचा बदामी रंग चहाच्या पाण्याचा असतो ना?" एवढा चहा आमच्या गावात असता तर आम्ही प्यायलो नसतो का?

हद्द केली ती नागपूरच्या एका लग्नात. आमच्या साडीला करवतकाठी म्हणतात, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते म्हणून. तर नवऱ्या मुलाच्या काकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही करवतकाठीचं काम करता ना? मग आमच्या मागच्या दाराची चौकट बसवून द्याल का?"

मी त्या माणसाशी लग्न संपेपर्यंत बोललो नाही.

पण खरं दुखायचं ते वेगळंच. बाबांनी पाठ मोडून विणलेली साडी शहरातल्या दुकानात गेली, की तिला भलत्याच गावाचं नाव लागायचं. बाया कौतुकाने नेसायच्या आणि निमटोला हा शब्द कोणाच्या तोंडून निघायचा नाही. आमचं आडनावच निनावे. बाबा हसून म्हणायचे, "आडनाव निनावे, गाव बी निनावं!" हसायचे, पण मग मागाचा खटखट आवाज जरा जास्तच मोठा व्हायचा.

म्हणून मी ठरवलं होतं. गावाबद्दलचे गैरसमज दूर करणार, मी! गावातला पहिला पदवीधर! लक्षात ठेवा हे वाक्य, शेवटी लागेल.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. एक दिवस नागपूरच्या सरकारी हातमाग कचेरीतून पत्र आलं. दिल्लीला हातमागाच्या कापडाचं प्रदर्शन आहे, त्यासाठी डोमाजी निनावे यांची एक करवतकाठी साडी पाहायला आणि पसंत पडली तर न्यायला साहेब येणार. आणि पुढची ओळ मी गावात सात वेळा वाचून दाखवली. साडीशेजारी विणकराचं आणि गावाचं नाव लिहिलं जाईल!

गावाचं नाव! दिल्लीत! निमटोल्यात त्या दिवशी लोक एकमेकांना उगाचच हाका मारत होते.

बाबांनी त्याच आठवड्यात नवी साडी मागावर चढवली. आणि मी? मी गावाची भाषा सुधारायला घेतली.

हसू नका. कारण होतं. आमचे माग खड्ड्यातले. म्हणजे जमिनीत कमरेएवढा खड्डा, माणूस त्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडून पावड्या दाबतो आणि माग जमिनीलगत असतो. त्यामुळे आमच्या गावात कोणी विणायला बसलं की म्हणायचं, "खड्ड्यात गेला." डोमाजी कुठे? खड्ड्यात गेले. जावई काय करतात? खड्ड्यात असतात. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा विचारत, "पोरगा खड्ड्यात जाते का?" आणि 'जाते' म्हटलं की मुलीचा बाप खूश!

आता हे साहेब मूळचे पुण्याचे, नुकतेच नागपूरला बदलून आलेले. त्यांच्यासमोर हे चालेल का? मी पिंपळाखाली सगळ्यांना जमवून बजावलं, "साहेबांसमोर 'खड्ड्यात गेला' हा शब्द कोणीही काढायचा नाही. अर्थाचा अनर्थ होईल. म्हणायचं, 'हातमागावर कार्यरत आहेत.' म्हणा पाहू, कार्यरत!"

"कार्यरत!" गाव म्हणालं.

एकटी माझी माय म्हणाली नाही. तिने विचारलं, "काहून गा? खड्ड्यात गेला म्हनलं त काय बिघडते? खड्ड्यात जाऊनच त तुले शिकवलं."

"माय, शुद्ध भाषेत बोलायचं असतं मोठ्या माणसांशी."

"बरं बाप्पा. कार्य... काय म्हनलं?"

"कार्यरत."

आठ दिवस ती राख चाळता चाळता पुटपुटत होती. कार्यरत, कार्यरत. मला वाटलं, झालं, आता निमटोला तयार आहे.

साहेब यायचे होते गुरुवारी चार वाजता. तो साडीचा तेरावा दिवस. वीतभर विणणं राहिलं होतं, दुपारपर्यंत साडी उतरणार होती. साडी मागावरून उतरली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोड जेवण, ही आमच्याकडची रीत. मी शाळेतून तीनला सुटून घरी पोचणार, नवं धोतर नेसून साहेबांचं स्वागत करणार, असा सगळा बेत.

आणि साहेब अकरालाच आले! तेही सरळ माझ्या शाळेत. जीप दारात, धूळ वर्गात, आणि मी फळ्यापुढे हातात खडू घेऊन उभा.

आपटे साहेब भला माणूस. जाड चष्मा, मऊ आवाज. बाहेर व्हरांड्यात येऊन हात जोडून म्हणाले, "आपणच निनावे गुरुजी ना? मी जरा लवकरच आलो. वडिलांची भेट होईल ना? कुठे आहेत ते?"

आठ दिवस मी साऱ्या गावाकडून 'कार्यरत' घोकून घेतलं होतं. सगळ्यांना पाठ झालं होतं. फक्त मी स्वतः एकदाही घोकलं नव्हतं!

माझ्या तोंडून निघालं, "वडील खड्ड्यात गेले, साहेब!"

साहेबांच्या हातातली फाइल खाली आली. "काय सांगता! कधी?"

आता बघा, मला काय वाटलं? मला वाटलं, साडीला किती दिवस झाले ते विचारतायत. मी उत्साहाने म्हणालो, "आज तेरावा दिवस."

"अरेरे! अहो, आम्हाला कोणी कळवलंसुद्धा नाही."

"त्यात काय कळवायचं, साहेब? आमच्या गावात घरटी एक माणूस तरी खड्ड्यात असतोच."

साहेब पांढरे पडले. "घरटी एक? म्हणजे साथ आहे की काय?"

"साथ आहे म्हणून तर निभतं! शेजारीपाजारी सगळे साथ देतात. एकट्याच्याने होणारं काम आहे का हे?"

साहेबांनी रुमाल काढून नाकाला लावला. मला वाटलं, धुळीचा त्रास होतोय.

"पण मग," ते रुमालातूनच म्हणाले, "तुमच्यात ही खड्ड्याचीच पद्धत का?"

हा प्रश्न म्हणजे माझ्या आवडीचा विषय! इतका आस्थेवाईक साहेब मी जन्मात पाहिला नव्हता. उभ्या लाकडी मागांचा मला तसाही राग. मी छाती पुढे काढली. "पूर्वापार, साहेब! काही गावांत आता लाकडावर करायला लागलेत. पण आमच्याकडे नाही. आजोबा खड्ड्यात, पणजोबा खड्ड्यात. बाबा तर म्हणतात, लाकडावर जीव शांत होत नाही."

"आणि आई? आई कशा आहेत?"

"आई? सकाळपासून राख घेऊन बसलीय."

"राख?" साहेब गोंधळले. "आत्ताच म्हणालात ना, लाकडावर नाही म्हणून? मग राख..." आणि एकदम त्यांचा स्वर मऊ झाला. "असो. बिचाऱ्या! मनावर परिणाम होतोच."

मी म्हणालो, "हातांवर होतो साहेब. पार सोलून निघतात."

साहेबांनी माझा हात थोपटला. मग हळूच म्हणाले, "आणि साडी? ती अपुरीच राहिली असेल."

"फक्त वीतभर राहिली, साहेब."

"वीतभर!" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "केवढा दैवदुर्विलास! पण गुरुजी, आज तेरावा, आणि तुम्ही शाळेत?"

इथे मात्र माझाही आवाज जरा पडला. कारण ही माझी दुखरी जागा होती. मी म्हणालो, "घरी राहून मी काय करणार? मला त्यातलं काही येत नाही. बाबांची फार इच्छा होती, मीही त्यांच्याबरोबर खड्ड्यात जावं. पण मला शिकायचं होतं. मी नाही गेलो."

साहेबांनी माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. "नाही गेलात तेच योग्य केलंत," ते म्हणाले. "असला विचारही मनात आणू नका."

काय सांगू तुम्हाला! साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शिक्षणाची बाजू घेत होतं. माझे डोळे भरून आले. ते बघून साहेबांचेही भरले. व्हरांड्यात आम्ही दोघं नाक पुसत उभे, आणि खिडकीतून अख्खी सातवी बघतेय!

मी म्हणालो, "चला साहेब, घरी जाऊ. आज गोड जेवण आहे. सगळं गाव येईल."

"हो, आज ते असणारच," साहेब म्हणाले. "आलोच आहे तर दर्शन घेऊन जातो. फक्त पोस्टात दोन मिनिटं थांबू. नागपूरला तार करायला हवी."

तार! म्हणजे साडी पसंत! न बघताच पसंत! मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार केला. साहेब पोस्टातून आले, मग बाजारात उतरून त्यांनी एक नारळ आणि पांढऱ्या फुलांचा मोठा हार घेतला. हार! बाबांचा सत्कार! मला तर गहिवरून आलं.

साहेबांनी विचारलं, "घरी फोटो असेल ना वडिलांचा?"

"आहे, पण जुना आहे."

"चालेल," साहेब म्हणाले.

आम्ही घरासमोर उतरलो. मागाचा खटखट आवाज येत नव्हता. काठाचा एक धागा तुटला होता आणि बाबा अंधाऱ्या खोलीत तो सांधत बसले होते. कोशाच्या धाग्याला ऊन आणि वारा मानवत नाही, म्हणून आमची मागाची खोली कायम ओलसर, झाकलेली. अंगणात माय, हात कोपरापर्यंत राखेचे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहरा दिवाळीचा. ते कुंकू बघून साहेब दचकले, पण 'इकडची पद्धत असेल' असं स्वतःशीच पुटपुटले.

मग हात जोडून म्हणाले, "माई, फार वाईट झालं."

माय म्हणाली, "वाईट कायले, सायेब? चांगलंच झालं म्हना. तेरा दिवसांत उरकलं. नाईतं महिना महिना लटकून राह्यते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने मान हलवली. तेरा दिवसांत करवतकाठी म्हणजे खायचं काम आहे का!

"ते... आत?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

आणि मायच्या डोळ्यांत मला दिसलं, की तिला माझी शिकवण आठवतेय. 'खड्ड्यात' म्हणायचं नाही. शुद्ध बोलायचं. कार्य... कार्य... पुढचं काही आठवेना. तिने घाम पुसला, कपाळावर राख लागली, आणि मोठ्या रुबाबात म्हणाली,

"हो जी. आतमंधी त्यायचं कार्य चालू हाये!"

संपलं! साहेबांनी तिथेच बूट काढले. मोजे काढले. हार दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, ते मागाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. उन्हातून आलेले, त्यात चष्मा, आत त्यांना अंधाराशिवाय काही दिसेना. डोळे मिटून ते बोलायला लागले.

"डोमाजी, तुमची भेट व्हायची राहिली. पण तुमची कला अमर आहे. तुम्ही जिथे असाल तिथे..."

"उजेडातून बाजूले व्हा ना, सायेब," जमिनीतून आवाज आला. "धागा दिसून नाई राहिला."

साहेबांनी डोळे उघडले. आणि तोपर्यंत अंधार त्यांच्या नजरेला सरावला असावा. कारण त्यांना जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेला माझा बाप दिसला.

साहेब किंचाळले! हातातला हार उडाला, तो नेमका साडीकडे. आणि हारावर पाणी शिंपडलेलं, ताजं! पहिल्या दिवसापासून सांभाळलेली साडी, दिल्लीला जायची साडी, आणि तिच्यावर ओला हार पडणार!  पण तेरा दिवस आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकून झेलणारा हात तो. बाबांनी वरच्या वर हार पकडला, साडीवर थेंब पडायला नको म्हणून घाईघाईने स्वतःच्याच गळ्यात घातला, आणि म्हणाले, "कोन होय गा हा? याले पानी पाज कोनी."

असं चित्र डोळ्यांसमोर आणा. जमिनीच्या वर अर्धा बाप, गळ्यात पांढऱ्या फुलांचा हार. दारात अनवाणी साहेब, भिंतीला पाठ लावून. आणि मधे मी. मला आता शेवटी, हळूहळू, एकेक वाक्य आठवायला लागलं होतं. तेरावा दिवस. साथ. लाकडावर. 

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुम्ही तर म्हणालात, वडील खड्ड्यात गेले."

"मंग?" बाबांनी विचारलं. "खड्ड्यातच त हावो. कोटी जाऊ?"

माय मागून म्हणाली, "पाहा! मी 'कार्य' म्हनलं. आठ दिवस शिकवलं मले. अना हा स्वतःच खड्ड्यात म्हनून आला!"

सगळा उलगडा झाल्यावर साहेब इतके हसले की त्यांना मोजे घालता येईनात. मग बाबांनी त्यांना खड्ड्याच्या काठावर बसवलं, पाय पावड्यांवर ठेवायला लावले आणि चार वेळा धोटा फेकायला दिला. "आता तुमी बी खड्ड्यात गेले, सायेब," बाबा म्हणाले, आणि साहेब लहान मुलासारखे खूश झाले. दुपारी साडी उतरली. ती दारातल्या उजेडात धरली तेव्हा साहेबांचं हसू थांबलं. बराच वेळ ते काठावरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "डोमाजी, हे मी आजवर भलत्याच गावाचं समजत होतो."

बाबा एवढंच म्हणाले, "माह्यं नाव नाई लिवलं तरी चालन. गावाचं तेवढं लिवा."

आणि तेव्हा साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी तार करून बसलो की! विणकर दिवंगत म्हणून!"

दुसरी तार करायची ठरली. साहेब साधं लिहिणार होते, विणकर जिवंत आहे, बस. पण गावातला पहिला पदवीधर गप्प बसेल तर ना! मी म्हणालो, "साहेब, मजकूर मी देतो." मला वाटलं, करायचीच आहे तार, तर आमच्या खड्डामागाचीही ओळख होऊन जाऊ दे. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, 'डोमाजी निनावे तेरा दिवस खड्ड्यात कार्यरत.'

तुम्हीच सांगा, ज्याच्या हातात आधीची तार आहे, तो माणूस ही वाचून काय समजेल? काय समजायचं ते समजला. पहिली तार पक्की झाली! साहेब पुढच्या गावांचा दौरा उरकून नागपूरला परतेपर्यंत कागद दिल्लीला पोचलेसुद्धा.

चार महिन्यांनी प्रशस्तिपत्र आलं. पिंपळाखाली सगळं गाव जमलं. बाबा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून. वाचायचा मान अर्थातच माझा. मी लिफाफा फोडला, घसा साफ केला, आणि पहिल्याच ओळीवर थांबलो.

"काय झालं?" बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गावाचं नाव नाई?"

"आहे."

"मंग वाच ना!"

मी वाचलं. "कै. डोमाजी निनावे, मुक्काम निमटोला, जिल्हा भंडारा."

"कै. म्हन्जे?"

आता कैलासवासी हा शब्द स्वतःच्या बापाला, तोंडावर, गावासमोर कसा समजावून सांगायचा, हे कोणत्या पदवीत शिकवतात? मी सांगितलं.  मायने पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "बाबा, आजच परत पाठवतो. दुरुस्त करून आणतो."

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. पण गावाचं नाव कुठे आहे ते मला विचारून त्यांनी त्यावर बोट ठेवलं, साहेबांनी काठावर ठेवलं होतं तसंच.

"निमटोलाच लिवलं हाये ना? दुसरं गाव नाई ना?"

"निमटोलाच आहे."

"मंग मेलो त मेलो!" बाबा म्हणाले आणि असे हसले, की अख्खं गाव हसायला लागलं. "अना हा कागद वापस नाई जाचा. तू दुरुस्त कराले पाठवशील, अना ते गावाचंच नाव बदलून आनतीन."

ती फ्रेम मागाच्या खोलीत, खड्ड्याच्या बरोबर वर टांगली आहे. पुढची कितीतरी वर्षं लोक जीपमधून यायचे, निमटोला विचारत विचारत यायचे, फ्रेम वाचायचे, हात जोडायचे, आणि खाली विणत बसलेल्या म्हाताऱ्याला हळूच विचारायचे, "हे आपले कोण?" बाबा धोटा न थांबवता सांगायचे, "तो मीच होय. बाकी मास्तराले इचारा."

असा मी गावाबद्दलचा गैरसमज दूर केला. आता सगळ्यांना नीट माहीत आहे की करवतकाठी निमटोल्याची. फक्त विणणारा मेला आहे, एवढंच!

प्रशस्तिपत्र टांगलं त्या दिवशी मी बाबांजवळ जाऊन बसलो होतो. खड्ड्याच्या काठावर, बाहेरच्या बाजूला. म्हणालो, "बाबा, रागावलात का हो?"

ते नव्या साडीचा पहिला काठ धरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी कायले रागावू? पन मास्तर, तू लहानपनीच खड्ड्यात गेला असता ना, त हे झालंच नसतं."

आता, हे ते निमटोल्याच्या अर्थाने म्हणाले की तुमच्या अर्थाने, हे विचारायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.